बोट कुणाकडे

विमल मगदूमनं काउंटरवर वही ठेवली तेव्हा मी मास्क हनुवटीवर ओढून विचारलं, "बोला ताई, काय पाहिजे?"

तिनं आधी मास्ककडं बोट केलं आणि तो वर घ्यायला लावला. मग वही उघडून माझ्यापुढं सरकवली. घरूनच लिहून आणलं होतं. 'मला ऐकू येत नाही. ओठ वाचते, पण तुमच्या मिशा फार आहेत. लिहा.'

टाळेबंदीतला मे महिना होता. इचलकरंजीतले माग बंद होऊन दीड महिना झालेला, आणि ज्या गावानं जन्मात शांतता ऐकली नाही ते गाव अजून एकमेकांशी ओरडूनच बोलत होतं. माझं केबल आणि इंटरनेटचं दुकान, म्हणून मला अर्धं शटर उघडायची परवानगी होती. त्या शटरखालून वाकून ही बाई आत आलेली. पंचेचाळिशीची, अंगानं किरकोळ, वहिफणीचं काम करणारी. म्हणजे सुताचा नवा रूळ, बीम, मागावर चढण्याआधी त्याचा एकेक धागा फणीच्या दातांतून ओवायचा, दिवसाला हजारो. अशी माणसं तुमच्याकडं बघतात तेव्हा कुठला धागा चुकलाय तेच शोधत असतात.

मी लिहिलं, 'काम सांगा.'

तिनं पान उलटलं. तेही तयार होतं. 'आमची सभा आहे. पुढच्या रविवारी. व्हिडिओवर. तुम्ही क्लासवाल्यांना स्वतःचा सर्व्हर लावून दिला. आम्हाला द्या.'

मी लिहिलं की तयार अ‍ॅप फुकट मिळतं, ते वापरा, माझं डोकं कशाला खाता. तिनं ते वाचलं, पेन घेतलं आणि दहा मिनिटं उभ्यानंच लिहीत राहिली. एवढं कुणी माझ्याशी तोंडानं बोललं असतं तर मी मध्येच तोडलं असतं. लिहिणाऱ्याला तोडता येत नाही.

झालं होतं असं. गावातल्या कर्णबधिरांचं एक मंडळ होतं, एकतीस सभासदांचं. त्यातले तीस बहिरे आणि एकतिसावे अध्यक्ष. दादासाहेब उपाध्ये, बँकेतून निवृत्त, ऐकू-बोलू शकणारे. बावीस वर्षं तेच अध्यक्ष, कारण सरकारी कचेरीत बोलायला कुणीतरी तोंडवालं पाहिजे. दरवर्षी डिसेंबरात अपंग दिनाला त्यांचा फोटो छापून यायचा. मध्ये ते, हातात केळी, आणि केळी घेणारे हे लोक. बावीस वर्षांत त्यांना खुणा किती आल्या? नमस्कार, चहा आणि बस खाली.

या वर्षी विमल अध्यक्षपदाला उभी राहिली होती. हॉल बंद, म्हणून दादासाहेबांनी सभा तयार अ‍ॅपवर बोलावली. त्या अ‍ॅपमध्ये जो आवाज करील तो पडद्यावर मोठा होतो. बहिऱ्यांच्या सभेत आवाज करणार कोण? दादासाहेब. पस्तीस मिनिटं ते बोलले, पस्तीस मिनिटं पडद्यावर त्यांचा चेहरा. खुणा करून सांगणाऱ्या शालनबाई कोपऱ्यात तिकिटाएवढ्या. विमल हात वर करून बसली होती, पण ती दुसऱ्या पानावर, कुणाला दिसलीच नाही. चाळिसाव्या मिनिटाला फुकटची वेळ संपली आणि सगळं बंद. दुसऱ्या दिवशी फोनवर दादासाहेबांचं पत्रक फिरलं. सभा खेळीमेळीत पार पडली, कुणाचा आक्षेप नाही, फेरनिवड एकमतानं.

विमलनं बारा जणांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. दादासाहेब माणूस दुष्ट नव्हे. ते म्हणाले, घ्या पुन्हा सभा. पण पुढच्या रविवारीच, आणि सोय तुम्हीच करा. नाही जमलं तर फेरनिवड कायम.

शेवटी तिनं लिहिलं होतं, 'मी हरले तर चालेल. पण दिसून हरायचं आहे.'

मी लिहिलं, 'होईल.'

आता हे थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. असं व्हिडिओ सभेचं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहून उघड्यावर ठेवलंय. कुणीही उतरवून घ्यावं, आपल्या मशीनवर चढवावं, आतला कोड उघडून पाहिजे तसा बदलावा. कंपनीच्या अ‍ॅपात तुम्ही भाडेकरू, खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. इथं घर तुमचं. मी बारावी नापास. बारा वर्षं माग चालवले, मग केबल ओढली, आणि संगणक शिकलो ते लोकांचे बिघडवत बिघडवत. डिग्रीवाले जे विकत घेतात ते मी फुकटात उभं करतो याचा मला माज होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू.

शनिवार-रविवारात मी एक जुनं दणकट मशीन पुसून काढलं, त्यावर सगळं चढवलं. सोमवारी गावातल्या गावात लाइनी तपासल्या. एकतीस सभासद, पण नवरा-बायको दोघं बहिरे अशी घरं बरीच, त्यामुळं माझं दुकान धरून पडदे वीसच. मंगळवारी दुपारी चाचणी ठेवली. शालनबाई दुकानात येऊन माझ्यापासून सहा फुटांवर स्टुलावर बसल्या. बहिऱ्यांच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. अर्ध्या मंडळाला त्यांनीच पाटीवर अक्षरं गिरवायला लावलेली.

पडद्यावर वीस चौकोन उघडले. मी माइक पुढं ओढला आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का सगळ्यांना?"

शालनबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मी म्हणालो, सवयीनं गेलं तोंडातून. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. आवाज अगदी खणखणीत आहे तुमचा. घेणारा कुणी नाही एवढंच."

त्यांना वाटलं तो विनोद आहे. मलाही वाटलं. पण माझी सगळी चूकच ती होती, आणि पुढच्या पाच मिनिटांत ती वीस घरांत दिसली.

विमल बोलायला लागली. हात जरा वेगात हलले की त्यांचा नुसता धूर व्हायचा. लाइन कमी पडली की हे सॉफ्टवेअर आधी आवाज वाचवतं, चित्र मग. आवाज मात्र स्वच्छ होता, कुणाच्या तरी घरातला पंखासुद्धा ऐकू येत होता. तेवढ्यात काशीनाथ घुणकेच्या घरात कुकरची शिट्टी झाली. विमल बारीक झाली आणि काशीनाथ पडदाभर मोठा. त्याला शिट्टी ऐकू येत नाही, ते नवरा-बायको वाफ बघून शिट्ट्या मोजतात. आपण एकदम मोठे दिसायला लागलो म्हणजे आपल्याला बोलायला सांगितलंय असं समजून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. विमल परत आली, बोलायला लागली, दुसरी शिट्टी. काशीनाथ परत मोठा, परत नमस्कार. तिसऱ्या शिट्टीला त्यानं उठून शर्ट बदलून घेतला. बाकीचे त्याच्यावर हात नाचवत होते. शालनबाईंनी त्यांचं बोलणं मला सांगितलं नाही, म्हणजे शिव्याच असणार.

बुधवारी सकाळी विमल दुकानात आली. वहीत एकच ओळ. 'तुमचा सर्व्हर कानवाल्या माणसाचा आहे.'

मला राग आला. मी लिहिलं की मी बारा वर्षं मागावर काढलीत, मागाच्या खात्यातल्या खडखडाटात आम्हीही हातांनीच बोलायचो, तुमचं मला कळतं. आणि खूण करून दाखवली, मिशीवरून दोन बोटं, म्हणजे मालक आला. ती हसली. तिलाही ती खूण माहीत होती, कारखान्यातच वाढलेली बाई. मग तिनं लिहिलं, 'किती खुणा येतात?'

मी मोजल्या. कांडी संपली, धागा तुटला, चहा, मालक, पगार, जरा माझे माग बघ, मुतून येतो. वीस-बावीस झाल्या.

तिनं लिहिलं, 'दादासाहेबांपेक्षा जास्त आहेत.' आणि गेली.

त्याच दुपारी दादासाहेबांचा फोन आला. आवाज गोड. सभेची तयारी कशी चाललीय वगैरे विचारून झाल्यावर म्हणाले, "तुझं शिक्षण काय रे हावळ?"

"बारावी नापास. का?"

"काही नाही. जबाबदारीचं काम आहे, तू मनापासून करतोयस, पण ही माणसं भोळी आहेत. त्यांना आशा लावायची आणि ऐन वेळी फसायचं, हे बरं नव्हे."

मी फोन ठेवला आणि मशीनसमोर बसलो. भोळी म्हणे. ज्या बाईनं मला दोन ओळींत उघडा केला ती भोळी.

कोड उघडला आणि आवाज काढायला लागलो. कमी नाही केला, काढला. माइक काढला, स्पीकर काढला, कोण आवाज करतंय ते शोधणारा भाग काढला, आवाज करणाऱ्याला मोठं करणारा भाग काढला. दर ओळ काढताना धाकधूक, कारण लिहिणाऱ्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं की आवाजाशिवाय सभा असते. एक विटकर काढावी तर तीन हलायच्या. गुरुवारी दुपारपर्यंत बसलं सगळं. आवाजाची राखून ठेवलेली जागा मी चित्राला दिली. चित्र लहान, पण न तुटणारं, सगळ्यांचं सारखं.

दुसरी चाचणी लगेच घेतली. पहिला अर्धा तास मी सभा सुरूच करू शकलो नाही. दीड महिना ही माणसं एकमेकांना भेटली नव्हती. गावातल्या बाकीच्यांना निदान फोन होता, गच्चीवरून हाक होती. वीस चौकोनांत हात चालले होते नुसते. काशीनाथ आपल्या बायकोची तक्रार सांगत होता आणि बायको मागून ती खोडून काढत होती. शालनबाई सांगायच्या थांबल्या. मीही विचारलं नाही.

मग विमलनं हात हलवून सभा सुरू केली आणि नवाच घोळ झाला.

त्यांच्या हॉलमध्ये एक रीत होती. कुणाला बोलायचं असलं की तो हात हलवतो, ज्याला दिसतो तो त्याच्याकडं बोट करतो, ते बघून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि दोन क्षणांत सगळ्या हॉलची बोटं आणि डोळे एका माणसाकडं. मतदानही तसंच. दोन उमेदवार दोन भिंतींना उभे, बाकीच्यांनी बोट दाखवायचं. लपवाछपवी नाही, चिठ्ठी नाही. सहल नरसोबाच्या वाडीला की पन्हाळ्याला, हे त्यांनी असंच ठरवलेलं. पडद्यावर प्रत्येकाला चौकोन वेगवेगळ्या जागी दिसत होते. विमलला काशीनाथ वर दिसायचा, मला खाली, तिसऱ्याला मधोमध. एकाला बोलायचं होतं आणि वीस घरांतली बोटं वीस दिशांना, कुणी छताकडं, कुणी फरशीकडं.

मी म्हणालो, एक बटण देतो, दाबलं की चौकोन लाल होईल. शालनबाईंनी ते हातांनी सांगितलं. विमलनं मान हलवली. बाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, बटण नको. बोट सगळ्यांना येतं."

"पण पडद्यावर बोट चालत नाही."

बाईंनी तेही सांगितलं. विमलनं वहीचं पान फाडून त्यावर त्यांचा हॉल काढला आणि कॅमेऱ्यापुढं धरला. खिडकीपाशी कोण बसतं, पंख्याखाली कोण, भिंतीला टेकून कोण. चार रांगा, पाच खुर्च्या. वीस पडदे, वीस जागा. प्रत्येकाच्या पडद्यावर तीच बैठक, न हलणारी. शुक्रवार सकाळपर्यंत तेवढं लिहून झालं. तीसेक ओळी. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळी त्या, आणि त्या मला सुचलेल्या नव्हेत.

शुक्रवारी चाचणी मतदान घेतलं. विमलची जागा दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला. दादासाहेबांची डाव्या टोकाला, तो चौकोन रिकामाच, कारण ते चाचणीला नव्हते. मी म्हणालो, सगळ्यांनी विमलताईंकडं बोट करा बघू. सगळ्यांनी केलं.

शालनबाई पडद्याकडं वाकल्या. मग म्हणाल्या, "अहो, सगळी बोटं दादासाहेबांकडं आहेत."

खरंच होतं. झाडून सगळी बोटं डावीकडं, रिकाम्या चौकोनाकडं. जो माणूस हजरच नव्हता तो एकमतानं निवडून आला होता. पडद्यावर हसू फुटलं, काशीनाथ रिकाम्या चौकोनाला हार घालायची खूण करत होता. एक विमल हसत नव्हती. तिनं वहीत लिहून कॅमेऱ्यापुढं धरलं, 'रविवारी असं झालं तर?'

मी पडद्याकडं बघत स्वतःचंच बोट उजवीकडं-डावीकडं करून बघितलं. मग डोक्यात उजेड पडला. समोरासमोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. विमल माझ्या उजवीकडं, मी उजवीकडं बोट केलं, तर तुम्हाला पडद्यावर माझं बोट डावीकडं जाताना दिसणार. हॉलमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण हॉल एकच असतो. इथं वीस हॉल होते. इलाज सोपा होता. प्रत्येकाचं चित्र आरशासारखं उलटं करायचं. एका ओळीचं काम. केलं, पुन्हा बोटं करायला लावली, आणि सगळी बोटं उजवीकडं, विमलकडं. खुणांचा डावा-उजवा बदलला त्याचं काय, मी विचारलं. विमलचं उत्तर बाईंनी सांगितलं. "त्या म्हणतात, डावखुऱ्या माणसाचं बोलणंही आम्हाला कळतं."

रविवारी अकराला सभा. शालनबाई माझ्या शेजारी. दादासाहेब धरून अठरा घरं आली, एकोणतीस माणसं. दादासाहेब अकराला दोन मिनिटं असताना आले, इस्त्रीचा सदरा, मागं शाल पांघरलेल्या त्यांच्याच सत्काराचा फोटो. आले ते बोलतच आले. ओठ हलत होते, मान डोलत होती, मध्येच हसत होते. बाकीच्या चौकोनांतलं कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

माझा फोन वाजला.

"हावळ, माझा आवाज जात नाही वाटतं."

"आवाजाची सोय नाही, दादासाहेब."

"म्हणजे बिघाड आहे?"

"बिघाड नाही. सोयच नाही."

मग म्हणाले, "मग मला कसं कळणार काय चाललंय ते?"

खरं सांगतो, मला भारी वाटलं. बावीस वर्षांचा हिशेब मी माझ्या मनानंच मांडला होता आणि तो आता फिटत होता. बसू दे म्हटलं. नमस्कार, चहा आणि बस खाली एवढ्यावर काढू दे सभा. मी फोन बंद केला आणि शालनबाईंना म्हणालो, त्यांचं काही मनावर घेऊ नका.

पण विमलनं ते बघितलं होतं. वहिफणीवाली नजर. दादासाहेब फोन हातात धरून पडद्याकडं बघत होते, कधी या चौकोनात, कधी त्या, ओठ मिटलेले. विमलनं दोन्ही हात वर करून सभा थांबवली आणि शालनबाईंकडं बघून काही सांगितलं.

"काय म्हणते?"

शालनबाई आपला फोन काढत म्हणाल्या, "म्हणते, त्यांना फोन लावा आणि मी बोलते ते सगळं सांगा. एक शब्द गाळू नका. त्यांना बोलायचं असेल तर तेही मला सांगा."

मी म्हणालो, राहू दे की, त्यांनी कधी केलं होतं असं? बाईंनी फोन कानाला लावता लावताच माझ्याकडं जे बघितलं त्यावरून मला कळलं, की शाळेत त्यांच्या हातात पट्टी असणार.

मग सभा झाली. तशी सभा मी जन्मात बघितली नाही, आणि मी युनियनच्या सभा बघितलेल्या आहेत. भांडले ते लोक. लक्ष्मी कुल्लोळी म्हणून एक पन्नाशीची बाई विमलच्या तोंडावर उभी राहिली. शालनबाई तिचं बोलणं फोनमध्ये सांगत होत्या ते मीही ऐकत होतो. लक्ष्मीचं म्हणणं, कलेक्टर कचेरीत फोन लावायचा तर कोण लावणार, तू? साहेब उठून बाहेर येतो तो दादासाहेबांसाठी, तुझ्यासाठी शिपाईसुद्धा मान वर करणार नाही. दहा बोटं लगेच लक्ष्मीकडं वळली, बरोबर बोलतेय म्हणून.

दादासाहेबांनी फोनवरून इतक्या मोठ्यानं विचारलं की तेही मला शब्दन् शब्द ऐकू आलं. "बाई, ह्या नेहमी अशा भांडतात?"

"नेहमी," शालनबाई म्हणाल्या.

"मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही बोलत असायचात."

विमलनं लक्ष्मीचं पुरतं होऊ दिलं. मग सगळी बोटं तिच्याकडं वळली आणि ती सावकाश बोलली, एकेक खूण वेगळी करून. शालनबाईंनी ते फोनमध्ये सांगितलं. "कचेरीत शालनबाई बोलतील. काय बोलायचं ते मी ठरवीन. आजवर काय बोललं गेलं ते आपल्याला घरी आल्यावर कळायचं, तेही थोडं. आता जाण्याआधी कळेल. एवढाच फरक आहे. तो नको असेल तर मला मत देऊ नका."

मतदान झालं. विमलनं हात मांडीवर ठेवले, स्वतःकडं बोट करायची रीत नाही. सगळ्यांनी बोटं धरली आणि बाईंनी मोजायला सुरुवात केली. मी दुसऱ्या बाजूनं मोजत होतो. उजवीकडं अठरा. डावीकडं दहा. दहावं बोट खुद्द दादासाहेबांचं, डावीकडं, आपल्याच भिंतीकडं.

"बघा," मी म्हणालो, "रीत मोडून स्वतःलाच दिलं."

बाई फोनवर काहीतरी ऐकत होत्या. त्यांनी मला हातानं थांबवलं, मग फोन स्पीकरवर टाकला.

"...म्हणून विचारतो, बाई, माझं बोट कुणाकडं मोजलंत?"

"तुमच्याकडंच. डावीकडं आहे ना."

"छे छे. त्या घुणकेच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला उलटं दिसतंय. म्हटलं इथं सगळं उलटं आहे, तर बोटही उलटं करायला पाहिजे. मी विमलकडं केलंय हो."

शालनबाईंनी मला विचारलं, आता? मी पडद्यावरच्या विमलकडं हात केला. त्यांनी विमलला सांगितलं. ते हातांनी सांगायला त्यांना बराच वेळ लागला, कारण त्या हसत होत्या, आणि सांगून झाल्यावर सगळे चौकोन हसण्यानं एकदम हलले. लक्ष्मी कुल्लोळीसुद्धा डोळे पुसत होती. दादासाहेबांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि अवघडल्यासारखं ते बोट उजवीकडं नेलं. एकोणीस विरुद्ध नऊ.

मला सभा संपली असं वाटलं. मी वायरी गुंडाळायच्या तयारीत. पण विमलनं माझ्याकडं बोट केलं, आणि अठराही चौकोनांतली बोटं माझ्याकडं वळली, दुसऱ्या रांगेत मधोमध, मला मंडळानं दिलेल्या पंख्याखालच्या जागेकडं. तेवढ्या बोटांनी माझ्याकडं पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ बसलो. मला वाटलं, आता आभार मानणार.

ती बोलली. शालनबाई म्हणाल्या, "अध्यक्षांचा पहिला हुकूम आहे तुम्हाला. पुढच्या सभेच्या आत सर्व्हरवर आवाजाची सोय करा. शालनबाई खुणांचं तोंडानं सांगतील, ते दादासाहेबांच्या कानात गेलं पाहिजे. फोन धरून त्यांचा हात अवघडला."

"दिवस-रात्र एक करून मी आवाज काढला," मी म्हणालो. "आणि एका माणसासाठी परत बसवू?"

बाईंनी विचारलं. विमलनं दोन-तीन खुणा केल्या, लहानशा, हात छातीपाशीच ठेवून.

"काय म्हणते?"

"म्हणते, एकालाच ऐकू येतं. त्याला एकट्याला बाहेर ठेवायचं का?"

सोमवारी बसलो. आवाज काढायला एक दिवस लागला होता, बसवायला चार लागले. कानवाल्याला ऐकू यावं आणि बाकी कुणाचं चित्र एका तिळानंही बारीक होऊ नये, असं करायचं होतं. ते कुणी पूर्वी केलेलं नव्हतं. मी केलं.